टोपीच्या घरांची मोजणी

३ मार्च, मंगळवार

नव्या रस्त्यासाठी टोपीची घरं जाणार. एकतीसच्या एकतीस.

साहेबांनी सकाळी फाइल टेबलावर ठेवली. पाडण्याआधीची मोजणी करून टाका म्हणाले, महिनाअखेर हवी. नियम आहे म्हणून मोजायचं — उद्या जे नसणार त्याची आज लांबी-रुंदी लिहून ठेवायची! नकाशा विभागात सव्वीस वर्षं झाली, अशा मोजण्या किती केल्या ते आता आठवतही नाही.

पण या वेळची गोष्ट वेगळी. पाडायचं काम दादाला मिळालंय. माझ्या सख्ख्या भावाला. जुनी घरं पाडून त्यातलं लाकूड विकण्यात त्याचे केस पांढरे झाले, पण एवढं मोठं काम पहिल्यांदाच. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, तिचा आवाज नुसता नाचत होता. मी म्हटलं, फार छान झालं. मनापासूनच म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

आज पहिला दिवस. नऊ नंबर नि चौदा नंबर.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नदीवरचा मोठा पूल बांधायला परदेशातून इंजिनिअर नि कारागीर आले. त्यांनी राहायला ही वस्ती उभी केली, अगदी आपल्या गावासारखी. छपरं ही उभी, टोकदार — बर्फ घसरून पडावा म्हणून! इथे फ्रीजबाहेर बर्फ कुणी पाहिलाय? म्हणून नाव पडलं टोपीची घरं. पूल झाला, ते निघून गेले. मग कारखान्यातले कामगार भाड्याने आले, आता त्यांची नातवंडं राहतात. शाळेत असताना आम्ही त्या गल्लीतून डोक्यावर हात टोकदार जोडून चालायचो. फार विनोदी वाटायचं तेव्हा.

चौदा नंबरमध्ये नर्सबाई. निवृत्त, ऐंशीच्या घरात, एकट्या, पाठ पट्टीसारखी ताठ. दार उघडून म्हणाल्या, मोजा, पण चपला बाहेर. मग सबंध वेळ माझ्या मागे मागे. मी टेप धरला की दुसरं टोक त्या धरायच्या. न सांगता.

निघताना म्हणाल्या, "माळ्यावर नाही गेलात?"

म्हटलं, माळ्याची मोजणी लागत नाही.

"मग तुम्ही घर बघितलंच नाही," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

६ मार्च, शुक्रवार

दिवसभर राग. ऐंशी वर्षांच्या बाईने मला माझं काम शिकवावं!

९ मार्च, सोमवार

गेले माळ्यावर. शिडी लावून, पदर खोचून, त्रेपन्नाव्या वर्षी.

काय पाहिलं ते नीट लिहून ठेवते. छपराखाली एकही खिळा नाही. एकही! एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, आणि आरपार लाकडी खुंटी. आणि प्रत्येक सांध्याजवळ सुताराच्या पटाशीने कोरलेली खूण. उभ्या रेघा, एक तिरपी, एक छोटा त्रिकोण. आधी वाटलं, कुणीतरी चाळा केलाय. मग लक्षात आलं — तुळईवर जी खूण, तीच तिच्या खांबावर. पुढच्या जोडीवर एक रेघ जास्त. त्याच्या पुढे आणखी एक.

आकडे आहेत ते! सबंध घर तिकडे कापलं, जोडून पाहिलं, नंबर टाकले, पुन्हा सोडवलं, बोटीत घातलं आणि इथे आणून नंबराला नंबर लावून उभं केलं. शंभर वर्षांपूर्वी!

खाली आले तर नर्सबाईंनी चहा टाकलेला. माझ्या केसांतली जळमटं काढली.

१२ मार्च, गुरुवार

अकरा घरांचे माळे झाले. सगळीकडे नंबर. पण आज बावीस नंबरमध्ये त्याहून मोठी गोष्ट सापडली.

परक्यांच्या त्या घरात उन्हाळ्यात माणूस उकडून मरेल. मग इतकी वर्षं लोक राहिले कसे? वळचणीखाली पाहिलं तर झरोके — नंतर कापलेले, वेगळ्या हाताने, वेगळ्या हत्याराने. कुजलेल्या तुळयांची टोकं काढून तिथे इकडचं काळं, चिवट लाकूड बसवलेलं, आणि ते गवंड्याने भिंतीच्या दगडात पक्की पाचर मारून जखडलेलं. इकडच्या सुतार-गवंड्यांचं काम! त्यांनी परक्यांचं घर पाडलं नाही, त्याला इथे जगायला शिकवलं. दोन देशांचे हात एका तुळईवर. मी तिथे माळ्यावर बसकणच मारली.

ह्यांना जेवताना सांगितलं. हे म्हणाले, "तू लग्नात इतकी खूश दिसली नव्हतीस." खरं आहे, पण कबूल नाही केलं.

१४ मार्च, शनिवार

हे लिहिताना लाज वाटते. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

जुन्या घरांना संरक्षण देणारी एक यादी आहे, वारसा यादी. टोपीची घरं त्यात का नाहीत ते बघायला जुनं रजिस्टर काढलं. एकोणीस वर्षांपूर्वी पाहणी झाली होती. एकतीस घरं, एकतीस ओळी, शेवटच्या रकान्यात एकच शेरा उभा ओढलेला — ‘मूल्य काही नाही’.

अक्षर माझं.

आठवलं मग. भर दुपार, जीप, मी खाली उतरलेसुद्धा नाही. खिडकीतून घरं मोजली नि शेरा मारला. धाकटा तापाने फणफणलेला होता, घरी पळायचं होतं. कारण खरं आहे. पण त्या एका ओळीच्या जोरावरच आज घरं पाडायची परवानगी निघालीय.

१६ मार्च, सोमवार

रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, अक्षर माझं आहे हेही. साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, तुम्ही नोकरीत आहात, हरकत घेता येणार नाही. तुम्ही मोजा, मत देऊ नका.

मग उठून दाराशी आले नि हळूच म्हणाले, "हरकतीची मुदत दोन एप्रिल. रहिवासी घेऊ शकतात. आणि मोजणी किती बारीक करायची, याची मर्यादा नियमात कुठेही नाही."

सव्वीस वर्षांत हा माणूस मला कळलाच नव्हता!

२२ मार्च, रविवार

दादाकडे जेवायला. सांगायचंच होतं, किती दिवस पोटात ठेवणार?

सांध्यांची चित्रं दाखवली. दादाने ती हात पुसून हातात घेतली, खिडकीशी नेऊन पाहिली. लाकूड त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नाही. मला वाटलं, जिंकले.

तर म्हणाला, "खिळा नाही म्हणजे सोडवायला सोपं. तोडायचं कशाला? अख्खी घरं उचलून विकता येतील." डोंगरात हॉटेल बांधणारा एकजण त्याच्या ओळखीचा आहे, त्याला अशीच घरं हवीत.

झालं! मी त्यांची किंमत शोधली आणि ती त्यांच्याच मुळावर आली. मी म्हटलं, एवढी वर्षं घरं पाडून तुला घर म्हणजे काय ते कळलंच नाही. हे बोलायला नको होतं. वहिनी ताट घेऊन आत निघून गेली. दादा म्हणाला, "माझ्याकडे चाळीस माणसं कामाला आहेत. त्यांनाही घरं आहेत."

त्याचं चूक नाही, हेच तर अवघड आहे.

२४ मार्च, मंगळवार

दादाचा फोन नाही. माझाही नाही.

२८ मार्च, शनिवार

मीच गेले त्याच्या वखारीत. म्हटलं, माफी मागायला नाही आले, काम आहे. चौदा नंबरच्या जोत्याखाली एक सांधा आहे, मला उलगडत नाही. खोटं नव्हतं ते. खरंच उलगडत नव्हता.

अठ्ठावन्न वर्षांचा माझा भाऊ बॅटरी घेऊन जोत्यातल्या भोकातून पोटावर सरपटत घराखाली शिरला. नर्सबाई वर खुर्चीत. मी भोकाशी ओणवी. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आतून फक्त ठक ठक. हाताच्या गाठींनी लाकूड वाजवत होता, लहानपणी कलिंगडं वाजवायचा तसा.

बाहेर आला तेव्हा चेहरा मातीने भरलेला. म्हणाला, इकडचं लाकूड ओलं असताना बसवलंय. मग ते वाळता वाळता आवळलं आणि परक्या लाकडाला घट्ट धरून बसलं. हे असं करायला डोकं लागतं. कोण होता हा माणूस?

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. नाव कुठेही लिहिलेलं नाही.

नर्सबाईंनी त्याला तोंड धुवायला पाणी दिलं. दादा बराच वेळ तांब्या हातात धरून उभा होता. मग तो पायरीवर ठेवून निघून गेला.

२ एप्रिल, गुरुवार

मुदत संपली. नर्सबाई दारोदार फिरल्या. अर्ध्या लोकांना त्यांनी लहानपणी इंजेक्शनं दिलेली, नाही म्हणायची कुणाची छाती? एकतीसपैकी एकोणतीस घरांच्या सह्या. हरकतीला जोड म्हणून माझी मोजणी — एकशे चौदा नकाशे, प्रत्येक खूण, प्रत्येक पाचर. साहेबांनी पानोपान सही केली. शेवटच्या पानावर थांबून म्हणाले, सुरेख. एवढंच!

८ एप्रिल, बुधवार

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

सभागृह भरलेलं. वारसा समितीचे सात जण, अध्यक्षबाई मधोमध. नर्सबाईंनी हरकत वाचली, आवाज जराही हलला नाही. मग मला विचारलं, एकोणीस वर्षांपूर्वीचा शेरा कुणाचा? उभी राहिले. माझा, म्हटलं. मी गाडीतून उतरले नव्हते. या वेळी एकतीस माळे चढले. मागे कुजबुज झाली.

नकाशे भिंतीवर लावले होते. समितीतले दोघं उठून अगदी जवळून बघत राहिले. तेवढ्यात तिसऱ्याने नेमकं तेच काढलं — घरं एवढी मौल्यवान आहेत तर सोडवून दुसरीकडे उभी करा, रस्त्यालाही जागा मिळेल. माना डोलायला लागल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, हे जो पाडणार त्यालाच विचारू.

दादा उठला. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. माझ्याकडे बघितलं नाही.

"ही घरं सुटतील का?"

"सुटतील," दादा म्हणाला.

माझे डोळे मिटले.

"परक्यांनी बांधलं तेवढं सुटेल. इकडच्यांनी जोडलंय ते करवतीशिवाय सुटणार नाही. करवत लावली की उरेल ते नुसतं लाकूड. माझ्या हाताने दोनशेवर घरं गेली, बाई. मला घर नि लाकूड यातला फरक कळतो. ही मी पाडणार नाही. दुसऱ्याला द्यायची तर द्या, पण सोडवून उभी करतो असं कुणी म्हणाला तर तो तुम्हाला फसवतोय."

मतदान. सात हात. मी दोनदा मोजले — सव्वीस वर्षांची सवय. सात! एकतीसच्या एकतीस घरं यादीत, आणि रस्ता पलीकडच्या पडीक जमिनीवरून.

नर्सबाई उभ्याच होत्या. त्यांनी माझा हात धरला, टेपचं टोक धरतात तसा घट्ट. गल्लीत पोचलो तर सगळी दारं उघडी, माणसं पायऱ्यांवर. कुणीतरी डोक्यावर हात टोकदार जोडून दाखवले. मग सगळ्यांनीच! म्हातारेकोतारे, पोरं, साहेबसुद्धा! मी हसत होते की रडत होते कुणास ठाऊक.

दादा तेवढा नव्हता.

९ एप्रिल, गुरुवार

रजिस्टरात जुन्या शेऱ्याखाली नवा लिहिला. तारीख घातली, खाली पूर्ण सही.

१३ एप्रिल, सोमवार

दादाकडे गेले. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं, पण बोलली नाही. तिचाही हक्क आहे रागावण्याचा.

दादा वखारीत एकटाच बसला होता. म्हटलं, तुझं एवढं मोठं काम गेलं माझ्यामुळे. तो म्हणाला, "तुझ्यामुळे नाही. त्या जोत्याखालच्या माणसामुळे." मग म्हणाला, लहान कामं आहेत, माणसं बसून नाहीत. मी शेजारच्या ओंडक्यावर बसले. त्याने त्याच्यातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला.

३० एप्रिल, गुरुवार

सकाळी दारात दादाचा ट्रक. दादा गाडीतून उतरलाच नाही, खिडकीतून एक कागद पुढे केला. शेजारच्या शहरात परक्यांनीच बांधलेली बेचाळीस घरं, पाडायचं काम त्याला मिळालंय.

"अजून सही नाही केली," म्हणाला. "आधी तू बघून घे. चल, बस."