हलका क्लच

३ ऑक्टोबर, शनिवार

लाल गाडी नापास. टाकीत गंज आहे म्हणे. मी वाकून बघितलं, मला काही गंज दिसला नाही. पण ह्यांनी नाक असं मुरडलं की विकणाराच ओशाळला.

ह्यांना जुनी स्पोर्ट्स मोटरसायकल हवी आहे. टाकीवर ओणवं होऊन चालवायची, पंचविशीत जिच्यावर जीव होता तसली. हॉलमध्ये पुसून ठेवायला नाही – रस्त्यावर चालवायला. गेल्या हिवाळ्यात झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय परत आला. बोलणं परत आलं, जरा जास्तच आलं. डावा हात अजून अर्ध्या वाटेवर आहे. हात साथ देत असेल तर चालवा, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी त्यातलं फक्त ‘चालवा’ ऐकलं.

६ ऑक्टोबर

लेकीचा फोन. “आई, निदान तू तरी डोकं ठिकाणावर ठेव. बाबांना या वयात गाडी कसली घेऊ देतेस?”

म्हटलं, बघायला जातोय, घेतोय कुठे! हे बाजूला बसून सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर चहा करून आणला. लबाड.

१० ऑक्टोबर, शनिवार

आज दोन गाड्या. निळीच्या इंजिनला ह्यांनी नुसता तळहात लावला आणि मागे फिरले. “आधीच तापवून ठेवलीये. थंड असताना सुरू होत नसणार.” इथवर ठीक.

काळी मात्र झकास होती. साखळी घट्ट, टायर नवे, पुढच्या शॉकअब्सॉर्बरमधून तेलाचा थेंब नाही. मी मनात म्हटलं, सुटलो! मग हे वर बसले. डावा हात क्लचवर ठेवला. दांडी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. ह्यांच्या मानेची शीर टरारली. मग हात काढून घेतला आणि म्हणाले, “कार्बोरेटरचा आवाज बरोबर नाही.”

गाडी सुरूच केली नव्हती.

विकणारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हो, मलाही जरा वेगळा वाटला.

म्हणजे लालमध्येही गंज नव्हताच. परत येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या माणसाला खोटं बोलता येत नाही, आणि तरी तो बोलतोय. फार वाईट वाटलं.

१८ ऑक्टोबर, रविवार

हिरवी! एका दंतवैद्याची. त्यांची पाठ गेली. “दिवसभर लोकांच्या तोंडावर वाकायचं आणि संध्याकाळी पुन्हा टाकीवर. आता दोन्हीपैकी एकच जमतं,” म्हणाले. ह्यांचं आणि त्यांचं असं जमलं की मला तिसरा चहा प्यावा लागला.

ह्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या. नट चाचपले. जुन्या रंगावरून बोट फिरवलं. खोट काढली नाही. पण बसलेही नाहीत. “पुढच्या रविवारी चालवून बघतो.”

ते दोघं आत गेल्यावर मी क्लच ओढून बघितला. माझा हात दिवसभर जाड कापड कापतो, तरी जोर लावावा लागला.

२४ ऑक्टोबर, शनिवार

बटणं आणायला म्हणून बाहेर पडले आणि थेट दंतवैद्याकडे गेले. त्यांच्याकडे पेशंट होता. गॅरेजची किल्ली दिली, म्हणाले, बसा, फोटो काढा, काय हवं ते करा.

लग्न झाल्यापासून ह्यांना पाने-पकडी देत आले आहे, क्लचची वायर कुठे सैल होते ते मला पाठ आहे. शिवणयंत्रावर ताण जड झाला की स्क्रू ढिला करायचा, दोरा सुरळीत धावतो. तसंच केलं. दांडी लोण्यासारखी! स्वतःवर भलतीच खूश होऊन घरी आले. बटणं विसरले.

२५ ऑक्टोबर, रविवार

गाडी थंड होती, तरी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ह्यांनी क्लच ओढला. पार मुठीपर्यंत आला. ह्यांचा चेहरा काय उजळला! तसा मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

मग गिअर टाकला. वायर इतकी सैल की क्लच सुटलाच नाही. गाडीने उडी घेतली ती थेट दंतवैद्याच्या कुंड्यांत. बंद पडली. ह्यांनी पाय टेकले म्हणून निभावलं.

ह्यांनी वाकून वायर बघितली. मग माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. दंतवैद्याला म्हणाले, “वायर सैल झाली होती, होतं असं जुन्या गाडीत.” आणि उजव्या हाताने घट्ट केली.

घरी आल्यावर बूट काढताना विचारलं, “तू केलंस ना?”

“हो.”

“मला वाटलं, हात आला.”

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

२६ ऑक्टोबर

ह्यांनी स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं. दोन शर्टांना कॉलर उलटी लावली.

२८ ऑक्टोबर

सकाळी दाढी करता करता म्हणाले, “हिरवी घेऊ.”

“आणि चालवणार कशी?”

“तू मागे बस. माझा हात दांडीवर, तुझा माझ्या हातावर. मी ‘आता’ म्हटलं की दोघांनी ओढायचं. आधी बंद मैदानात.”

इतका येडचाप विचार या माणसालाच सुचू शकतो. मी हो म्हटलं.

१ नोव्हेंबर, रविवार

हिरवी आता आमची. हे ज्या तंत्रशाळेत शिकवायचे, तिथलं मागचं मैदान. हँडल इतकं खाली की मला ह्यांच्या पाठीवर जवळजवळ पालथं पडावं लागतं. या वयात!

“आता.”

“ओढलं की!”

“सोड आता. हळू. काज करतेस तसं हळू.”

गाडी बेडकासारखी उड्या मारत गेली. दात वाजले. मैदानाच्या टोकाला पोचेपर्यंत दोघंही इतके हसत होतो की थांबावंच लागलं.

लेकीला फोटो पाठवला. तिने विचारलं, “आई, तुझं हेल्मेट मापाचं आहे ना?”

८ नोव्हेंबर

तिसऱ्या गिअरपर्यंत मजल. माझं मनगट दुखतंय. ह्यांच्या अंगाला पेट्रोलचा वास येतो आणि मला तो आवडतो. इथे लिहायला काय हरकत आहे.

१५ नोव्हेंबर

आज हेल्मेटमध्ये चष्म्याची काडी टोचत होती. ती सारायला मी डावा हात वर नेला आणि तेवढ्यात हे “आता” म्हणाले. गिअर पडला. गाडीने जराही हिसका दिला नाही.

माझा हात तिथे नव्हताच.

ह्यांच्या लक्षात आलं का, माहीत नाही. मी विचारलं नाही. हात परत ह्यांच्या हातावर ठेवला.