चारूच्या डब्यातलं बेसन

६ जुलै १९८१, सोमवार

शाळेनं यादी पाठवली! मुलींचा डबा कसा असावा, याची. सायक्लोस्टाइल केलेला कागद, खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही. बिस्किटं नकोत, चिवडा नको, फोडणीची पोळी नको. रोज एक डाळ, एक भाजी, एक फळ. दर गुरुवारी वर्गबाई प्रत्येकीचा डबा उघडून बघणार. यांनी कागद वाचला आणि म्हणाले, आम्ही गावच्या शाळेत खिशात शेंगा भरून शिकलो. मी म्हटलं, ते दिसतंच आहे.

पण कॉलनीच्या दवाखान्यातले डॉक्टरही जूनमध्ये हेच म्हणाले होते. चारू आठ वर्षांची, वजन सहा वर्षांच्या मुलीचं. डाळ वाढवा म्हणाले. सांगायला काय जातं! वरणाची वाटी समोर ठेवली की या मुलीचं पोट दुखायला लागतं.

९ जुलै

पहिला गुरुवार. मुगाची उसळ, पोळी, अर्धा पेरू. उसळ जशीच्या तशी परत. वहीत बाईंचा शेरा — ‘डबा उत्तम. मुलगी खात नाही.’ म्हणजे आई पास, मुलगी नापास. संध्याकाळी ती उसळ मीच खाल्ली, उभ्या उभ्या, रागानं.

१४ जुलै

सापडलं!

मागच्या महिन्यात सासूबाईंनी गावाहून तेलाचा रिकामा पिपा भरून बेसन पाठवलं होतं. नत्थूजींनी, म्हणजे यांच्या मावसभावानं, पवनीहून एसटीच्या टपावर टाकून आणलं. एवढ्या बेसनाचं करू काय, म्हणून मी तेव्हा कुरकुरले होते. आज त्यातलं दोन वाट्या काढलं, आलं-लसूण घालून घट्ट शिजवलं, ताटात थापून पाटोड्या कापल्या. वरून खोबरं आणि बारीक चिरलेला हिरवा सांबार, कोथिंबीर. चारूनं ओट्याशी उभ्या उभ्या चार खाल्ल्या. ही डाळच आहे, हे तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

३० जुलै

गुरुवार. डबा घासूनपुसून रिकामा. बाईंनी म्हणे चारूचा डबा टेबलावर ठेवून सगळ्या वर्गाला दाखवला, असा आणायचा म्हणून. पोरगी दारातूनच सांगत आली. शेजारच्या क्वार्टरमधल्या प्रेमिलालाही ऐकू गेलं असेल. जाऊ दे की!

वाळत घातलेल्या कपड्यांवर आज पुन्हा वीजकेंद्राच्या चिमणीची राख. दोनदा धुतले. तरी दिवस चांगला गेला.

२७ ऑगस्ट

दवाखान्यात नेलं. वजन दीड किलो वाढलं! डॉक्टरांनी काटा पुन्हा शून्यावर आणून बघितला. पोळा परवा आहे, तेव्हा यात पुरणपोळ्यांचा काही हात नाही. हे माझ्या पाटोड्यांचंच. यांना म्हटलं, आईंना पत्रातून कळवा, बेसन कामी आलं म्हणून. बरं म्हणाले. लिहिणार नाहीत.

२२ सप्टेंबर

चारू शाळेच्या बसमधून उतरली तेव्हा प्रेमिला अंगणात होती. मला बोलावून हळूच म्हणाली, “शामला, पोरगी पाय ओढत चालून राहिली ना वं. पाह्य जरा.” मी म्हटलं, खेळून दमली असेल. प्रेमिलाला जिथं तिथं काहीतरी दिसतंच.

२६ सप्टेंबर

प्रेमिलाचं खरं आहे. आज खिडकीत उभं राहून बघितलं. बसपासून दारापर्यंत चारू चवड्यांवर चालते, गुडघे ताठ. पायरी चढताना कठड्याला धरते. विचारलं तर काही नाही म्हणते. दुखतं का? नाही. पडलीस का? नाही. तिळाच्या तेलानं पाय चोळून दिले. चोळताना गप्प होती. मी तेल लावते तेव्हा ही मुलगी कधी गप्प बसत नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

लिहूनच काढते. कुणाशी बोलायची सोय नाही.

नत्थूजी आले होते. पिशवीभर शिंगाडे आणले, गावच्या तलावातले. उकडून डब्यात द्यायला बरे, म्हणून मी खूश. चहा घेता घेता पिकापाण्याच्या गोष्टी निघाल्या. ते म्हणाले, “काय सांगू वहिनी, मावशीच्या घरी यंदा लाखोळीच लाखोळी. चन्याचा एक दाना नाही घरात. होळीपासून दोन्ही वेळ तेच चालू हाय.”

मी कप खाली ठेवला. होळीपासून चणा नाही. मग जूनमध्ये बेसन कशाचं आलं?

लाखोळीचं, लाखेच्या डाळीचं! दळलं की दोन्ही पिठं सारखीच दिसतात. दुकानदार मिसळतात तर कुणाला कळत नाही, त्याच्या विक्रीवर बंदी आहे ती उगाच नाही. आणि मी जुलैपासून, आठवड्यातून चार-पाच दिवस, स्वतःच्या हातानं —

माझ्या लग्नात गावचे शालिकरामजी आले होते. दोन काठ्यांवर. एक पाय दुसऱ्या पायात अडकत होता, टाचा जमिनीला लागत नव्हत्या. मी नवी नवरी, खाली मान घालून बसलेली, मला तेवढे पायच दिसत होते. नंतर कळलं, दुष्काळात त्या घरानं नुसत्या लाखोळीवर दिवस काढले होते. पाय गेले ते गेलेच.

चारू चवड्यांवर चालते.

५ ऑक्टोबर

पिप्यातलं उरलेलं बेसन मागच्या उकिरड्यावर ओतलं. गाईनं तोंड लावू नये म्हणून वर राख टाकली.

मग सासूबाईंना पत्र लिहिलं. यांना न विचारता. तुम्ही जन्मभर खाल्लं म्हणून आम्ही खावं का? देण्यासारखं नव्हतं तर पाठवायचं नव्हतं, आम्ही मागितलं नव्हतं. चारूच्या पायांना काही झालं तर मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही. असंच सगळं. त्यांना वाचता येत नाही, नत्थूजीच वाचून दाखवतील. दाखवू देत. पेटीत टाकून आले.

यांना अजून काही सांगितलेलं नाही. परवा शहरात मेडिकलला, मोठ्या सरकारी दवाखान्यात, नेणार आहे. काय निघायचं ते आधी मला एकटीला कळू दे.

६ ऑक्टोबर

डब्यात गूळपोळी. यादी गेली खड्ड्यात.

७ ऑक्टोबर, बुधवार

देवा! देवा रे!

सगळं नीट लिहिते. सकाळच्या बसनं चारूला घेऊन मेडिकलला गेले. रांग, कागद, पुन्हा रांग. डॉक्टर वयस्कर, शांत. मी एका दमात सगळं सांगून टाकलं — बेसन, पाटोड्या, शालिकरामजी. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. चारूच्या गुडघ्यांवर हातोडी मारून बघितलं, पोटऱ्या दाबल्या, अनवाणी चालायला लावलं.

अनवाणी ती चालली! सरळ, टाचा टेकवत, खिडकीपर्यंत आणि परत.

डॉक्टरांनी तिचे बूट उचलले. तळवा बुटाच्या तळाशी लावून बघितला. बोटभर पाय बाहेर. मग पायांची बोटं बघितली. दोन्ही अंगठ्यांना फोड, एक फुटलेला. म्हणाले, “बाई, मुलीचे पाय ठणठणीत आहेत. ती वाढली आहे. बूट नाही वाढले.”

मी तिथेच रडायला लागले. नर्सनं पाणी दिलं.

लाखोळीचंही त्यांनी समजावून सांगितलं. हप्त्यात चार-पाच दिवस पाटोड्या खाऊन असं होत नाही. घरी पोळी आहे, भाजी आहे, दूध आहे, त्या पोराला काही होत नसतं. जो माणूस महिनोन्महिने दुसरं काही न खाता दोन्ही वेळ तेच खातो, त्याला होतं. तुमच्या घरी तसं आहे का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, नाही!

बसमध्ये चारूला विचारलं, बोलली का नाहीस गं? तर म्हणते, “तूच म्हणाली होतीस ना, जूनमध्ये घेतलेत, वर्षभर पुरवायचे.”

म्हणाले होते. दुकानात, चारचौघांत, बोट नाचवून म्हणाले होते. तिला मांडीवर घेतलं, आठ वर्षांच्या घोडीला, आणि कोराडीपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

८ ऑक्टोबर, दसरा

नवे बूट! दोन नंबर मोठे. चारूनं सोनं वाटताना प्रत्येकाला आधी पाय दाखवले.

यांना काल रात्री सगळं सांगितलं. आधी चिडले, मला का नाही सांगितलंस म्हणून. मग म्हणाले, पाटोड्या तर मीही खात होतो, माझे पाय कुणी नाही बघितले. हसले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. पत्राचं मात्र अजून सांगितलेलं नाही.

१२ ऑक्टोबर

दुकानातून बेसन आणलं. पाटोड्या पुन्हा सुरू, सोबत दोन शिंगाडे. डबा चाटूनपुसून रिकामा. सकाळी डबा भरताना गुणगुणत होते म्हणे, हे म्हणाले.

पत्राचं मनात येतं अधूनमधून. जरा जास्तच लिहिलं. पण माझं तरी काय चुकलं? पाय धड निघाले म्हणून लाखोळीचा चणा थोडाच होतो! दिवाळीला साडी घेईन त्यांना चांगली. निस्तरेल.

१८ ऑक्टोबर, रविवार

सासूबाई आल्या! न कळवता, नत्थूजींना सोबत घेऊन. दिवाळीला अजून नऊ दिवस आहेत.

मला वाटलं, आता पत्र निघणार. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. ओसरीतच बसल्या, चारूला ओढून तिचे पाय मांडीवर घेतले, एकेक बोट दाबून बघितलं. मग म्हणाल्या, “चाल वं माय. चालून दाखव आजीले.” चारू दारापासून मोरीपर्यंत पळाली. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि तेव्हा कुठे पाणी प्यायल्या.

पत्राचा विषय नाही. रुसवा नाही, टोमणा नाही. मला इतकं हलकं वाटलं! चूक त्यांची त्यांना कळली असेल, म्हणून मीही उकरून काढलं नाही. नत्थूजी संध्याकाळी परत गेले. सासूबाईंना इथेच ठेवून घेतलं आहे, दिवाळीपर्यंत.

थकल्यासारख्या दिसतात. ओसरीवरून उठताना यांनी दोन्ही हातांनी वर घेतलं. एसटीत पाच तास बसून अंग आखडलं असेल.

२० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी डब्यासाठी बेसन कालवत होते. सासूबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या. विचारलं, हे माझ्या पिप्यातलं का? मी खाली बघत म्हटलं, नाही, ते लाखोळीचं होतं म्हणून टाकून दिलं. त्या ओट्याला टेकल्या.

“चना होता वं तो. झाला तेवढा सारा होळीलेच दळून ठेवला, इकडं धाडला.”

“मग घरी तुम्ही काय खात होतात?”

“लाखोळी. मले काय शाळेत जायचं हाय?”

आणि परत फिरल्या. गुडघे ताठ, टाचा उचललेल्या.

दोन डबे भरले. एक चारूबरोबर बसमध्ये गेला. दुसरा घेऊन आम्ही दोघी मेडिकलला गेलो. तेच डॉक्टर. म्हणाले, सुरुवात आहे, आजपासून लाखोळी बंद करा, बहुतेक इथेच थांबेल. आता त्या गावी जाणार नाहीत. यांना विचारलेलं नाही, सांगणार आहे.

बाहेर बाकावर डबा उघडून दिला. सहा पाटोड्या होत्या. दोन खाल्ल्या आणि झाकण लावायला लागल्या, बाकीच्या चारूला होतील म्हणून. मी झाकण काढून घेतलं आणि डबा रिकामा होईपर्यंत माझ्या हातातच ठेवलं.