क्लच नसलेली गाडी

जळगाव,
२ एप्रिल १९९०

ती. झुलालभाऊस,
मंजुळेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मजेत कोणी नाही. काल तुमच्या गॅरेजातला उखर्डू धुळ्याहून आला आणि बोलता बोलता सांगून गेला, की मोठ्या गाडीला तुम्ही ट्रकचा गिअरबॉक्स बसवताय आणि तिचा मूळचा ऑटोमॅटिक गॅरेजच्या मागे टाकून दिलाय. आमचे हे शेजारीच बसून ऐकत होते. चहाची बशी तशीच ठेवली आणि मागच्या दारी जाऊन बसले.

भाऊ, ती अमेरिकन गाडी तुम्ही दोघांनी भंगारातून आणली. शर्यतीत गुडघा गेल्यावर यांनी स्टुलावर बसून तिचं इंजिन हिवाळाभर जुळवलं. दोनशे घोड्यांची ताकद! कशासाठी? तिला क्लच नाही म्हणून. डावा पाय न वाकणारा माणूस लळिंगचा घाट पुन्हा चढेल, अशी ती एकच गाडी.

ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, असं चारचौघांत म्हणालात म्हणे. मग या बाईचं ऐका. यंदा आखाजीच्या सणाला मी माहेरी येणार नाही. न्यायला मुराळी पाठवलात तर दारातून परत जाईल.

लोभ आहे तेवढा राहू द्या, दया नको.
मंजुळा

धुळे,
७ एप्रिल

चि. सौ. मंजुळास अनेक आशीर्वाद.

मुराळी परत पाठवशील? मग आईला ते तूच येऊन सांग. तुझं असलं पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही.

गाडीतलं तुला कळत नाही. त्या ऑटोमॅटिकला गिअर दोनच. इंजिनाचा जोर तेलात घुसळून वाया जातो, चढावर तेल तापतं. ट्रकचा बॉक्स दणकट, तीनशे घोडे जुंपले तरी दात तुटायचे नाहीत.

आणि खरं हवं तर घे. मागच्या वर्षी शर्यतीत उलटलेल्या गाडीतून पाव्हण्यांना, तोतारामरावांना, मी या हातांनी ओढून काढलं. तू तिथे नव्हतीस. त्यांच्या हाती पुन्हा शर्यतीची गाडी मी देणार नाही. म्हणून मुद्दाम क्लचवाला बॉक्स निवडला. आता शिव्या दे, पण माया कमी करू नको.
झुलाल

जळगाव,
१२ एप्रिल

ती. भाऊस शि. सा. न.

शिव्याच देते. यांना तोंडावर नाही म्हणायची तुमची हिंमत नव्हती, म्हणून गिअरबॉक्सकडून म्हणवलंत!

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ट्रकचा बॉक्स ओझं ओढायला. खालचे गिअर लगेच संपतात, बदलताना क्लच दोनदा दाबायचा, तेवढ्यात जोर तुटतो. ऑटोमॅटिकचा जोर तुटत नाही, आणि चढावर दांडीनं पहिला गिअर धरून ठेवता येतो. तेल तापतं तर पुढे वेगळा छोटा रेडिएटर लावावा. वर्षभरात एवढं सलग बोलले नव्हते.

एस.टी.त हा माणूस ड्रायव्हरमागची जागा धरतो आणि वळणावळणाला उजवा पाय दाबतो. शेजारी मी असते, तुम्ही नाही. भीती मला तुमच्याहून जास्त वाटते. ती माझी मी सांभाळीन. तुम्ही बॉक्स सांभाळा.

लोभाचं मागून बघू.
मंजुळा

धुळे,
२१ एप्रिल

चि. सौ. मंजुळास आशीर्वाद.

ऑटोमॅटिक बसवला. आनंदानं नाही. रेडिएटरही लावला. चालवताना माझा डावा पाय मूर्खासारखा क्लच शोधत होता. लळिंगचा घाट मात्र गाडी ट्रकच्या बॉक्सपेक्षा लवकर चढली. हे पाव्हण्यांना सांगू नको. मीच सांगेन, राग गेला तर.

आईनं सांजोऱ्यांचा रवा काढून ठेवलाय. मुराळी म्हणून मी स्वतः येतोय, गाडी घेऊन. परतीला चालवतील ते. मी शेजारी बसेन. पारोळ्यापर्यंत तोंड उघडणार नाही. पुढे ओरडलोच तर मागून तू गप्प कर. शर्यतीचं आखाजीनंतर भांडू.

मी घरात येणार नाही. चावी घेऊन अंगणातच उभा राहीन. ती घ्यायला त्यांनी उठून यायचं.

तुझा, अजून रागावलेला,
झुलाल