धावपट्टीवरचे खडे

अण्णा,

शारजातल्या आपल्या खोलीसमोरचा तो रुंद रस्ता अजून तसाच सरळसोट आहे. कधीकाळी ती इंग्रजांच्या हवाई तळाची धावपट्टी होती आणि तिच्यावरची वाळू न् खडे झाडायचं काम तुमच्याकडे होतं, हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. नव्वदच्या सुमारास नोकरीसाठी मी तुमच्या खोलीवर आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडण्याआधी तुम्ही कडेला थांबलात आणि एकेक पाय उचलून चपलेचा तळ पाहिलात. खडा इंजिनात गेला तर विमान पडतं, म्हणालात. समोरून टॅक्सी धावत होत्या. मला इतकी लाज वाटली, की मी चार पावलं पुढे जाऊन उभा राहिलो.

एकाहत्तर साली इंग्रज आखातातून चंबूगबाळं आवरून गेले. तळावरच्या साहेबानं जाताना तुम्हाला पट्टी साफ ठेव, आम्ही परत येऊ, असं सांगितलं होतं. पुढे पगार थांबला, विमानतळ शहराबाहेर गेला, पट्टीचा रस्ता झाला, तुम्ही एका गोदामावर राखणदार झालात. पण खडे वेचणं काही सुटलं नाही. गावी आई वाट बघून थकली होती. मी दर सुट्टीला म्हणायचो, आता चला. तुमचं उत्तर ठरलेलं, साहेबानं अजून मोकळं केलेलं नाही. मी चिडायचो. ज्यांचं राज्य बुडालं ते घरी जाऊन निवांत बसले आणि आमचे वडील त्यांची पट्टी राखताहेत!

मग एका हिवाळ्यात आपण किराणा आणायला निघालो असताना तो म्हातारा गोरा भेटला. तरुणपणी इथं फौजेत होता, आता बायकोला तळ दाखवायला आला होता आणि त्याला तळच सापडत नव्हता. तुम्ही पायाखालची जमीन दाखवलीत. तो बराच वेळ खाली बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. तेव्हा तुम्ही ताठ उभे राहून विचारलंत, "साब, मेरा ड्यूटी खलास?"

मी त्याला इंग्रजीत सगळं सांगितलं. तो हसला नाही. तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास. गो होम."

परतताना तुम्ही चपला न बघता रस्ता ओलांडलात. मला आनंद झाला, आईला फोन करून कळवलंसुद्धा. पण त्यानंतर तुम्ही सकाळी उठेनासेच झालात. जेवण जाईना. बॅग भरून तयार होती, तिकीट तेवढं काढायचं होतं. आईच्या दारात शेवटी तुमची शवपेटी उतरली.

काल तुमच्या नातीला घेऊन त्याच रस्त्यावर गेलो होतो. कडेला आल्यावर थांबलो आणि पाय उचलून चपलेचा तळ पाहिला. "बाबा, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" तिनं विचारलं. काही नाही, म्हटलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच सांगतो. खडा निघाला होता, अण्णा. तो अजून माझ्या खिशात आहे.