आमचे पास कबूल करतो

दि. ३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि प्रभूमध्ये सलाम.

तुझा चेंडू शाळेच्या फुटबॉल संघात निवडला गेला आहे. लहानपणी मी गोल होतो म्हणून तू ठेवलेलं नाव असं खरं होईल, हे तुलाही वाटलं नसेल. मी पुढच्या फळीत, अगदी मधोमध खेळतो. गोल करायचं काम माझं. बाकीच्यांनी मला चेंडू आणून द्यायचा, अशी साधारण योजना आहे. निदान मी तरी तशी समजतो.

निवड झाली त्या दिवशी मी सर्वांसमोर उभा राहिलो आणि खेळाच्या सरांना सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, रविवार देवाचा, त्या दिवशी मी खेळणार नाही. आवाज थोडा जड केला होता. सर म्हणाले की सगळे सामने शनिवारीच आहेत, खाली बस. तरीही शाळेच्या भित्तिपत्रकात माझ्यावर चार ओळी आल्या. त्या मी जाता-येता वाचतो, म्हणजे वाचत नाही, नुसता तिथून जातो.

तेव्हापासून सगळे मला पाद्री म्हणतात. गोल झाला की मी दोन्ही हात आकाशाकडे करतो. आई म्हणते की आधी मोजे धुवायला टाक आणि मग आकाशाकडे बघ.

एकाच माणसाने माझं डोकं उठवलंय. डाव्या बाजूला खेळणारा काडी. काडीपेटीतल्या काडीएवढाच आहे, म्हणून ते नाव. मी मोकळा उभा असतो, दोन्ही हात वर करून चेंडू मागत असतो, आणि हा बाबा माझ्याकडे बघतो, थांबतो आणि दुसऱ्यालाच पास देतो. एकदा तर त्याने पंचांना पास दिला. रस्त्यात मी हात केला तरी ओळख दाखवत नाही. चेंडू घेऊन धावतो मात्र वाऱ्यासारखा, सर त्याच्यावर त्यासाठीच खूश आहेत. मीही आता ठरवलंय, त्याला पास द्यायचा नाही. तो घमेंडी असेल तर मी काय कमी आहे का?

तुझं चष्म्यांचं दुकान कसं चाललंय? उत्तर लवकर दे.

तुझाच,
चेंडू


दि. १० सप्टेंबर

चि. चेंडू यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबाला सांग, बहिणीला पत्र लिहिल्याने हाताला फोड येत नाहीत.

तू संघात आलास हे वाचून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. त्याने आनंद दाखवला, पण त्याच्या डोळ्यांत तेव्हा औषध घातलेलं होतं, त्यामुळे त्याला पळताही आलं नसतं.

कालचीच गंमत सांगते. एक गृहस्थ आले, तक्ता समोर धरला तर वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. मला शंका आली. तक्ता उलटा करून मागची कोरी बाजू दाखवली, तरी गृहस्थ म्हणतच राहिले. बाकावर थांबले होते तेवढ्यात पाठ केला होता. का, तर चष्मा लागला तर म्हातारे दिसू. अशी गिऱ्हाइकं पुष्कळ येतात. तुझं ते आकाशाकडे हात करणं वाचून मला त्यांची आठवण का झाली कोण जाणे.

रागावू नकोस. देवाचं नाव घेऊन खेळतोस याचा मला अभिमानच आहे. पण समोरच्या संघातही कोणीतरी प्रार्थना करत असेल. तू जिंकायचं मागतोस, तोही तेच मागतो, मग देवाने करायचं काय? तू नक्की काय मागतोस ते कळव. आणि त्या काडीशी कधी बोललास का, की नुसते हातच वर करतोस?

सोबत मोज्यांचे दोन जोड पाठवले आहेत. एक धुवायला असताना दुसरा घालावा, अशी ती योजना आहे.

तुझी,
आत्या


दि. २ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सलाम.

मोजे मिळाले. तुझा टोमणाही मिळाला, तो मोज्यांपेक्षा घट्ट बसला.

आता ऐक, माझी चांगलीच पंचाईत झाली आहे. आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. तो येत्या शनिवारी होता, पण मैदानाखालचा पाण्याचा नळ फुटला आणि अर्ध्या मैदानाचं डबकं झालं. सामना पुढे गेला. कुठल्या दिवशी गेला असेल ओळख. बारा तारखेला, रविवारी, सकाळी उपासना चालू असतानाच. आणि त्याच रविवारी उपासनेत पापांची कबुली चालवायची पाळी माझी आहे. मी एक ओळ म्हणायची, मंडळीने माझ्यामागून म्हणायची.

मला वाटलं, बाबा तरी खेळू नकोस म्हणतील. मग मी दुःखी चेहऱ्याने घरात फिरलो असतो, सगळ्यांनी हळहळ केली असती. बाबा म्हणाले की तू आता मोठा आहेस, तुझं तू ठरव. मग पाळकसाहेबांकडे गेलो. ते बागेत गवत काढत होते. म्हणाले की देव मैदानातही असतो, जायचं असेल तर मोकळ्या मनाने जा, कबुली दुसरं कोणी चालवेल. इतकं सोपं उत्तर मला नको होतं. आईने तर खेळाचा सदरा आणि पांढरा सदरा दोन्हींना इस्त्री करून एकाच खुंटीवर टांगलेत.

खरं सांगू का आत्या, मला खेळायचंय. फार खेळायचंय. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पण सगळ्या शाळेसमोर बोलून बसलोय. आता खेळलो तर सगळे हसतील, आणि नाही खेळलो तर सर माझ्या जागी मधोमध काडीला घालणार आहेत. हे दुसरं जास्त झोंबतंय. माझ्या जागेवर पंचांना पास देणारा माणूस!

तू सांगशील तसं करीन. लवकर लिही.

तुझा,
चेंडू


दि. ६ ऑक्टोबर

चि. चेंडू यास,
आशीर्वाद.

मी काहीही सांगणार नाही. मी सांगायचं, तू ऐकायचं आणि पुढे जन्मभर आत्यामुळे सामना हुकला म्हणून मला ऐकवायचं, हा व्यवहार मला परवडणारा नाही.

एवढंच विचारते. रविवारचा शब्द तू देवाला दिला होतास की भित्तिपत्रकाला? देवाला दिला असशील तर पाळ, आणि तोंड पाडून पाळू नकोस. भित्तिपत्रकाला दिला असशील तर खुशाल मोड आणि जाऊन खेळ. तुझ्यावरची माझी माया दोन्हीकडे तेवढीच राहील.

दुकानात गर्दी आहे, म्हणून थोडक्यात आटोपते. जेवणाकडे लक्ष दे.

तुझी,
आत्या


दि. १२ ऑक्टोबर, रविवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सलाम.

सकाळी पांढरा सदरा घातला. तू विचारलंस त्याचं उत्तर मला नीटसं सापडलं नाही, निम्मं देवाला आणि निम्मं भित्तिपत्रकाला असं काहीसं निघालं. म्हटलं, निम्मं तरी पाळावं. खेळाचा सदरा मात्र आत घातला होता. पांढऱ्याखालून तो निळा दिसतोय, हे मला वेदीजवळ उभा राहिल्यावर कळलं.

शरीराने मी चर्चमध्ये होतो. मनाने मैदानात होतो, चेंडू माझ्या पायात होता आणि डावीकडे काडी मोकळा होता. अशात मी पुस्तक उघडलं आणि मोठ्याने म्हणालो, "आम्ही आमचे पास तुझ्यापुढे कबूल करतो." पापे म्हणायचं होतं गं. आणि आमची मंडळी इतकी आज्ञाधारक की सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आम्ही आमचे पास तुझ्यापुढे कबूल करतो. पहिल्या बाकावरच्या कमी ऐकू येणाऱ्या आजींनी सर्वांत मोठ्याने म्हटलं. मग बाबांना ठसका लागला, गायकवृंदाने तोंडं पुस्तकात घातली आणि माझे कान इतके तापले की त्यावर आईची इस्त्री तापली असती.

पुढची ओळ होती, जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही. ती मला म्हणवेना. आत्या, मी अख्ख्या मोसमात काडीला एकही पास दिलेला नाही. एकही नाही. ओळ कशीबशी म्हटली, पण खरी कबुली मी आज पहिल्यांदा दिली असं वाटलं.

आशीर्वाद होताच पळत सुटलो. मैदानात पोचलो तेव्हा सामना संपत आला होता, दोन्हीकडे शून्य. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पांढरा सदरा काढ म्हणाले आणि आत सोडलं. थोड्याच वेळात चेंडू माझ्याकडे आला. समोर दोघे अंगावर आले, डावीकडे काडी एकटा, त्यांचा गोलकीपर घसरून पडलेला, गोल सताड उघडा. मी स्वतः मारायला पाय उचलला होता. पण सकाळची ती ओळ आठवली आणि मी पास दिला. सुंदर दिला, हे माझं मीच सांगतो.

काडीने चेंडू जोरात मारला. गोलच्या खांबाच्या आणि शेजारच्या दिव्याच्या खांबाच्या बरोबर मधून. म्हणजे गोलच्या बाहेरून. आणि हात पसरून आनंदाने नाचत धावत सुटला. सगळं मैदान पोट धरून हसलं. चेंडू परत खेळात आला तरी आम्ही निम्मे त्याच्याकडेच बघत होतो, तेवढ्यात त्यांनी पलीकडे गोल केला आणि आम्ही हरलो.

काडी नंतर माझ्याजवळ आला आणि पंचांनी गोल का दिला नाही म्हणून विचारायला लागला. तो चेष्टा करत नव्हता. मी मारला असता तर गोल झाला असता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते गिळलं. पण देवावर मात्र रागावलोय. जन्मात एकदा पास दिला, त्याचं हे बक्षीस?

तुझा हरलेला,
चेंडू


दि. १६ ऑक्टोबर

चि. चेंडू यास,
आशीर्वाद. हरलास याचं वाईट वाटलं, आणि पासांची कबुली वाचून मी दुकानात एकटी बसून इतकी हसले की डोळे पुसावे लागले.

पण दिव्याच्या खांबापाशी आले आणि हसू थांबलं. तुझी मागची पत्रं पुन्हा काढून वाचली. आता मी विचारते त्याचा नीट तपास कर. काडी वर्गात पहिल्या बाकावर बसतो का? लांबचं बघताना डोळे बारीक करतो का? तू रस्त्यापलीकडून हात केलास तर ओळखत नाही, पण जवळून बोलतो, असं आहे का? शाळेत डोळे तपासायला येतात तेव्हा पुढच्यांचं ऐकून तक्ता पाठ व्हावा म्हणून तो रांगेत शेवटी उभा राहतो का?

तो घमेंडी नाही रे, वेड्या. त्याला दिसत नाही. उद्याच्या उद्या त्याला तुमच्याकडच्या चष्मेवाल्याकडे घेऊन जा. दुसरा तक्ता लावायला सांग, आणि बाकावर बसलेला असताना त्याच्याशी गप्पा मारत राहा, म्हणजे पाठ करता येणार नाही.

तुझी,
आत्या


दि. २ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सलाम.

तुझं सगळं बरोबर निघालं. पहिला बाक, बारीक डोळे, रांगेत शेवटी. तक्ता त्याने पाठच केला होता. चष्मा लागला तर संघातून काढतील अशी भीती होती. सरांनी काढलं नाही, उलट मागे पट्टा असलेला खेळायचा चष्मा कुठे मिळतो ते शोधून दिलं. चष्मेवाला म्हणाला की एवढ्या नंबरावर हा पोरगा इतके दिवस धावत कसा होता, हाच चमत्कार आहे.

काल तो पहिल्यांदा चष्मा लावून मैदानात आला. आधी गोलजवळ गेला आणि जाळीत बोटं घालून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने एकामागून एक गोल मारले. माझी मधोमधची जागा बहुतेक गेली. वाईट वाटलं, पण वाटायला हवं होतं तेवढं नाही.

घरी येताना मी धीर करून विचारलं की मोसमभर मी मोकळा असताना त्याने मला पास का दिला नाही. लांबचं दिसत नव्हतं हे कबूल, पण माझ्याकडे बघून तो थांबायचा हे मी पाहिलं होतं. तो संकोचला. म्हणाला की चेहरा कळत नसे, पण लांबवर कोणीतरी दोन्ही हात वर करून उभं आहे एवढं दिसायचं. सगळे मला पाद्री म्हणतात, म्हणून त्याला वाटायचं की मी प्रार्थना करतोय. त्यांच्या घरी कोणी चर्चला जात नाही, पण प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्येच त्रास देऊ नये, हे त्याच्या आईने शिकवलंय. म्हणून तो थांबायचा आणि माझं आटोपलं नाही असं बघून दुसऱ्याला पास द्यायचा.

मला हसू फुटलं, आणि मग हसवेना. आत्या, मी हात वर करून चेंडू मागत होतो आणि तो मला देवाशी बोलू देत होता. सगळ्या शाळेत माझी प्रार्थना खरी मानणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच मी घमेंडी म्हणत होतो. रस्त्यातच त्याची माफी मागितली. त्याला कशाबद्दल ते कळलं नाही, म्हणून सगळं सांगितलं, पासांच्या कबुलीसकट. तो इतका हसला की नवा चष्मा खाली पडता पडता मी झेलला.

मी काय मागतो असं तू विचारलं होतंस. जिंकायचंच मागत होतो. आता सामन्याआधी हात खाली ठेवून, डोळे उघडे ठेवून मागतो, आणि कोण मोकळा आहे ते दाखव एवढंच म्हणतो. पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यात कबुली पुन्हा माझ्याकडे दिली आहे. पापे हा शब्द त्यांनी लाल पेन्सिलने अधोरेखित करून ठेवलाय. काडी ऐकायला येणार आहे, मागच्या बाकावर बसणार आहे. आता त्याला तिथूनही दिसतं.

माया आहेच, ती अशीच इकडे पास करत राहा. मीही परत देईन.

तुझाच,
चेंडू