न्हाणीतला नळ

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
ता. ३ डिसेंबर १९५६

चि. विश्वास यास उषाताईचे अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. भोपाळला एका खोलीत तू आणि वनमाला संसार कसा रेटत असाल, याचा आबांना घोर आहे. राजधानी हलवलीत तर माणसांना राहायला घरंही द्यायची होतीत, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात.

तू गेल्यापासून न्हाणीतला नळ गळतो आहे. चिंधी बांधून पाहिली, काही उपयोग नाही. मिस्त्री रोज ‘कल पक्का’ म्हणतो. पंधरा दिवस झाले. शाळेतून दमून यावं, तर न्हाणीभर पाणी आणि फरशीला शेवाळ. तू असतास तर चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. बाकी ठीक.

आमची आठवण ठेवत जा.
तुझी उषाताई

भोपाळ
ता. १० डिसेंबर १९५६

ती. उषाताईस सा. न. वि. वि.

रजा मिळत नाही. नव्या राज्यासाठी चार जुन्या राज्यांचे कारकून एका यादीत बसवताहेत. कोण वर, कोण खाली, यावर दिवसभर भांडणं. घरी येतो तेव्हा बोलायचंही त्राण नसतं.

मिस्त्रीची वाट पाहू नकोस. मोरीजवळची मोठी चावी आधी बंद कर. मग नळाची टोपी पान्याने डावीकडे फिरवून काढ. आत चामड्याचा वायसर झिजला असेल, तो बदल. लहानपणी माझा कान पिरगाळायचीस, त्याहून हे सोपं आहे.

ग्वाल्हेरच्या कचेरीत एक खालची जागा आहे. अर्ज करावा म्हणतो. एकदा उतरलो की पुन्हा चढता येणार नाही. पण आबांपाशी कोणी हवं.

आबांना साष्टांग नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.
विश्वास

लष्कर
ता. १९ डिसेंबर १९५६

चि. विश्वास यास अ. आ. वि. वि.

रागावू नकोस. मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी आबा त्या ओल्या फरशीवर घसरले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. तू धावत येशील म्हणून लिहिलं नाही.

रविवारी नळ मी उघडला. मोठी चावी नीट बसली नव्हती; पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. लुगडं चिंब. आबा दारात खुर्चीवर बसून सूचना करत होते, ते इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या खेपेला वायसर बसला. आता थेंब पडत नाही. फरशीही घासून काढली.

विश्वास, अर्ज करू नकोस. दोन दिवसांपूर्वी आबांना तुझा बेत सांगितला. तू परत येशील म्हणून वाट पाहत होते रे. तरी आज त्यांनी कागद मागून घेतला. खाली डाव्या हाताने लिहिलं आहे ते त्यांचं.

तुम्हा दोघांना उदंड आशीर्वाद.
उषाताई

खाली उतरू नको. उषा आहे. — जगदेवराव

भोपाळ
ता. २४ डिसेंबर १९५६

ती. उषाताईस सा. न. वि. वि.

लपवलंस, याचा राग आहे; तो भेटीत काढीन.

तुझं पत्र येण्याआधीच मी अर्ज दिला होता. परवा साहेबांकडे जाऊन तो परत मागितला. घरी सारं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खोटं नव्हतं. तरी बाहेर आल्यावर कागद हातात धरून जिन्यातच बसून राहिलो. शेजारी नागपूरचा एक कारकून येऊन बसला. तोही घर सोडून आलेला. थोड्या वेळाने आम्ही दोघेही उठून कामाला गेलो.

आबांचा हात जपा. लोभ आहेच, तो तसाच राहो.
विश्वास