गुरूशेठचं तळं

२८ एप्रिल, सोमवार

आले एकदाची. बदलापूर स्टेशनपासून रिक्षा, पुढे शेठच्या माणसाची बाइक, मग लाल मातीचा उतार, आणि उतार संपला तिथे एकदम निळं पाणी. पूर्वी ही दगडाची खदाण होती. तीन बाजूंना कापलेला काळा कातळ, चौथीकडे पायऱ्या, हिरवळ, पाहुण्यांच्या खोल्या आणि टोकाला माझं स्वयंपाकघर. अंबरनाथला, बुवापाड्यातल्या घरी मी पोटमाळ्याखाली बसून डबे केले. इथे दोन मोठ्या शेगड्या आहेत आणि भाजी चिरताना खिडकीतून तळं दिसतं. मला एकटीलाच हसू आलं.

मालक गुरुदत्त, सगळे गुरूशेठ म्हणतात. जमीन त्यांच्या आजोबांची. बोलणं हळू, वागणं सभ्य. म्हणाले, माया, मुंबईची माणसं इथे शांततेसाठी येतात, भांडी जपून घासायची. पिण्याचे जार बाहेरून येतात, बाकी नळाला तळ्याचंच पाणी, मोटारीनं खेचलेलं. झाडलोट वेणूमावशी करते, इथल्याच गावची आगरी बाई. तिचा मुलगा हरिचंद्र गेटवर असतो. चेहरा कायम हसरा.

नवऱ्याची, महेंद्रची, कंपनीत दिवसपाळी, पायलला शाळेची सुट्टी, आत्या तिला सांभाळते. रोज लिही, मी आल्यावर वाचणार, असं पायलनं बजावलंय. आठ वर्षांची पोर, पण झोपेतही बडबडते. तर पायल, हे तुझ्यासाठी.

३० एप्रिल, बुधवार

मुंबईहून एक जोडपं आलंय. गाडीतून उतरतानाच भांडत होतं. कोणाच्या आईला कोण काय बोललं, ते सगळं माझ्या ओट्यापर्यंत ऐकू आलं. दुपारी दोघं पोहायला उतरले आणि जेवायला आले तेव्हा हातात हात. मला बरं वाटलं. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा वाढला. ठेचा जास्त झाला का विचारलं तर म्हणाले, हो. मग कमी पडला का विचारलं, तरी हो. मी हसले. तेही हसले. नंतर किती तरी वेळ तसेच हसत बसले होते.

वेणूमावशी बाजूला झाडत होती. तिनं मान वर केली नाही.

४ मे, रविवार

उल्हासनगरचं कापडवाल्यांचं कुटुंब आलं होतं. त्यांचा प्रीतम म्हणजे नुसता धुमाकूळ. कुत्र्यामागे धावला, माझ्या कढईत वाकून बघितलं, आंटी चटनी और दो, आंटी ये क्या है. मला पायलची फार आठवण आली. मग ट्यूब घेऊन पाण्यात गेला. ओरडणं चालूच होतं, आणि एकदम थांबलं. मी खिडकीशी धावले. पोरगा पायऱ्या चढून वर येत होता, धडधाकट. टॉवेल गुंडाळून आजीजवळ बसला तो उठलाच नाही. त्याच्या आवडीची चटणी पुढे ठेवली. बोटही लावलं नाही.

आजी खूश. निघताना माझ्या हातावर पेढे ठेवून म्हणाली, "देखो, एक दिन में सुधर गया."

गाडीत बसताना मी त्याला हाक मारली. त्यानं वळून बघितलं. डोळे उघडे होते, पण त्या बघण्यात मी नव्हते.

५ मे, सोमवार

पाहुणे नाहीत. दुपारी भांडी घासत होते. मोटार बंद पडली, नळ गुरगुरला आणि त्यातून पोराचा आवाज आला. लांबून, पाण्याच्या तळातून यावा तसा. मम्मी, रस्सी फेको. मम्मी, इधर.

मी तळ्याकडे पळाले. पाणी स्वच्छ, कोणीच नाही. परत आले तरी तो हाका मारतच होता. आवाज प्रीतमचा. मी नळ बंद केला. मग पुन्हा उघडला, कारण बंद करणं जमेना.

प्रीतम तर काल माझ्यासमोर घरी गेला.

६ मे, मंगळवार

मोटार आपोआप बंद पडत नाही. वेणूमावशी ती रोज दुपारी मुद्दाम बंद करते. आज मी तिच्या मागोमाग गेले. ती मोटारीच्या पाइपला कान लावून बसली होती. मलाही तिनं खाली बसवलं.

आत खूप आवाज होते. बायका, पोरं, कोणी शिव्या देत होतं, कोणी नुसतंच रडत होतं. त्या सगळ्यांत एक गडी मोकळ्या गळ्यानं भजन म्हणत होता.

"माजे हरीचा आवाज हाय तो," मावशी म्हणाली. मागच्या वर्षी शेठनं त्याला शेवाळ काढायला तळ्यात उतरवला. वर आला तो असा. घरात जेवतो, झोपतो, विचारलं की हो म्हणतो. पण तिचा हरी खाली आहे. हे शेठला माहीत आहे, आणि ते स्वतः कधी पायरीच्या खाली जात नाहीत.

मी म्हटलं, पोलिसांना सांगू. तिनं माझे पाय धरले. "तला बुजवतीन गो. मंग मी काय ऐकू?"

९ मे, शुक्रवार

मुंबईच्या कॉलेजच्या मुली पाण्याकडे निघाल्या. मी आडवी गेले. किंचाळले, उतरू नका. त्या घाबरून गाडीत बसून निघून गेल्या.

शेठ रागावले नाहीत. म्हणाले, तुझं मन रमत नाही इथे. घरच्यांना बोलावून घेऊ.

मी म्हटलं, मलाच सोडा. म्हणाले, रविवारचे पाहुणे होऊ देत, सोमवारी जा.

१० मे, शनिवार

महेंद्रला फोन केला. काय सांगू? पाणी चांगलं नाही, येऊ नका, एवढंच सांगितलं. हसला. नाल्याकाठी वाढलेल्या माणसाला कसलं पाणी बाधतं, म्हणाला. पायलची शपथ घातली तेव्हा बरं म्हणाला.

मागून पायल विचारत होती, तळं केवढं आहे, मासे आहेत का, मला का नाही —

फोन ठेवला.

११ मे, रविवार

पाहुणे आले. दोन कुटुंबं. पोरं चार. मी कोणालाच अडवू शकले नाही. शेठनं स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली होती.

संध्याकाळी सगळे शांत जेवले.

१२ मे, सोमवार, बुद्धपौर्णिमा

बॅग भरली. विहारात वंदनेला पोचायचंय. गेटला कुलूप. शेठची गाडी दिसत नाही. हरिचंद्रला विचारलं, गाडी अंबरनाथला गेली? हो. मुंबईला गेली? हो.

महेंद्रला फोन लावतेय. उचलत नाही.

वेणूमावशी धावत आली. गाडी मागच्या वाटेनं आली म्हणते, केव्हाच. एक बाप्या होता, एक पोरगी —

पळाले.

पायऱ्यांवर महेंद्रच्या चपला. तो हिरवळीवर बसलाय, ओला. मी त्याला हलवलं. पायल कुठे आहे? हो. महेंद्र, पायल कुठे? हो.

ती खोलीमागून आली. फ्रॉक निथळतोय. तिला स्वयंपाकघरात आणलं, आतून कडी घातली, पदरानं डोकं पुसलं. बोल बाळा. काहीही बोल. मासे होते का? हो. मी कोण? हो.

शेठ दार वाजवताहेत. हळूच. माया, चहा टाक, म्हणताहेत.

मोटार बंद झाली. नळातून —

आई. ए आई. अगं इथे अंधार आहे, आणि एक दादा गातोय, आणि आई, मला ना —

किती बोलतेय. थांबतच नाही.

मला पोहता येत नाही. कोणी हे वाचलं तर पाण्यात उतरू नका. खिडकीतून जाते. तिला म्हटलं आलेच, नळात तोंड घालून म्हटलं, तिला ऐकू आलं, ती हसली, आणि ही इथे समोर बसलेली माझ्याकडे बघून नुसती —